जहाज-प्रतिकृती, लाकडी : एक निवृत्तिकालीन छंद

प्रत्यक्षात असलेल्या अथवा होऊन गेलेल्या जहाजाची, सर्व मापे एकाच प्रमाणात लहान करून लाकडात घडविलेली त्रिमितीय प्रतिमा म्हणजे लाकडी जहाज-प्रतिकृती होय. शोभेसाठी केलेल्या खेळण्यातील गलबतापासून ती वेगळी असते. कारण तिच्या प्रत्येक भागाला मूळ जहाजातील भागाचा, आराखड्याचा किंवा समकालीन चित्राचा आधार असावा लागतो. व्यावसायिक कारागीर व संग्रहालयांतील तज्ञ यांच्याखेरीज हौशी व्यक्तीही अशा प्रतिकृती तयार करतात. या हौशी मंडळींत तरुणपणी हा छंद सुरू करून मध्यंतरी तो सोडलेल्या आणि सेवानिवृत्तीनंतर पुन्हा त्याकडे वळलेल्या व्यक्तींचा एक ठळक वर्ग आढळतो. छंदाला मध्ये खंड का पडतो, पुनरारंभी कोणत्या अडचणी येतात आणि हाती घेतलेले काम तडीस कसे न्यावे, यांचा विचार या वर्गाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. [→ छंद].

इतिहास : नौकांच्या लाकडी प्रतिकृती प्राचीन काळापासून आढळतात. ईजिप्तमध्ये थीब्झजवळील मेकेत्रे या अधिकाऱ्याच्या थडग्यात (इ. स. पू. सु. १९८०) अनेक रंगीत नौका-प्रतिकृती ठेवलेल्या होत्या, त्या १९२० मध्ये उजेडात आल्या. मृताच्या परलोकप्रवासाशी त्यांचा संबंध होता. मध्ययुगीन यूरोपात नवस फेडण्यासाठी चर्चमध्ये जहाजाची प्रतिकृती टांगण्याची प्रथा होती. स्पेनमधील मातारो येथील पंधराव्या शतकातील प्रतिकृती या प्रकारची असून ती आता रॉटरडॅम येथील संग्रहालयात आहे. त्या काळातील जहाजबांधणीची माहिती देणाऱ्या मोजक्या साधनांत तिची गणना होते.

सतराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडमध्ये युद्धनौकांच्या अत्यंत काटेकोर प्रतिकृती तयार होऊ लागल्या. त्या बहुधा १ : ४८ या प्रमाणात, म्हणजे एका फुटास पाव इंच या हिशोबाने केल्या जात. त्यांच्या खालच्या भागावर फळ्या न बसविता आतील बरगड्या मुद्दाम उघड्या ठेवीत. ग्रिनिच येथील नॅशनल मेरिटाइम म्यूझीयम आणि अमेरिकेतील ॲनॅपोलिस येथील नौसेना अकादमीचे संग्रहालय येथे अशा प्रतिकृतींचे मोठे संग्रह आहेत. फ्रान्सशी झालेल्या युद्धांच्या काळात (१७९३–१८१५) इंग्लंडमधील बंदिवान फ्रेंच सैनिकांनी व खलाशांनी शिध्यातील मांसाच्या हाडांपासून जहाजे घडवून बंदिशाळेच्या बाजारात विकली. नॉर्मन क्रॉस येथील बंदिशाळा त्यासाठी विशेष प्रसिद्ध होती. सक्तीच्या रिकाम्या वेळेतून जन्मलेली ही कलाकृती या छंदाच्या इतिहासात आवर्जून उल्लेखिली जाते.

उत्तर आयुष्यात या कामास वाहून घेतलेल्यांत फ्रेंच नौसेनाधिकारी फ्रांस्वा-एद्माँ पारिस (१८०६–९३) याचे स्थान मोठे आहे. तरुणपणी केलेल्या जलप्रवासांत त्याने भारतासह अनेक देशांच्या किनाऱ्यांवरील स्थानिक नौकांची मापे घेऊन आरेखने केली होती. १८७१ पासून मृत्यूपर्यंत तो पॅरिस येथील नौसेना संग्रहालयाचा प्रमुख होता. त्या काळात त्याने जुन्या आरेखनांवरून अनेक प्रतिकृती तयार करविल्या. तरुणपणी जमविलेली सामग्री उतारवयात कशी फळास येते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

शिडाची जहाजे वापरातून जाऊ लागली, तसे त्यांच्याविषयीचे आकर्षण वाढले. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतील लोकप्रिय विज्ञान-मासिकांतून हौशी वाचकांसाठी जहाजांचे आराखडे प्रसिद्ध होऊ लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका, डेन्मार्क, इटली, स्पेन इ. देशांतील उत्पादकांनी कापलेले लाकूड, दोरा, धातूचे सुटे भाग व आराखडे एकत्र असलेले संच बाजारात आणले. त्यामुळे सुतारकामाचे शिक्षण नसलेल्या व्यक्तींनाही हा छंद करता येऊ लागला.

प्रमाण : प्रतिकृतीचे प्रमाण ठरविणे हा पहिला निर्णय असून पुढील सर्व श्रम त्यावर अवलंबून असतात. १ : ४८, १ : ६४, १ : ७२ व १ : ९६ ही प्रमाणे विशेष रूढ आहेत. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागापासून बांधलेली आणि १८१७ मध्ये पाण्यात सोडलेली ट्रिंकोमाली ही ब्रिटिश फ्रेगेट उदाहरणादाखल घेता येईल. ती आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत्या अवस्थेत जतन केलेली आहे. तिच्या तोफांच्या मजल्याची लांबी सु. ४६ मी. आहे. १ : ४८ या प्रमाणात ही लांबी सु. ९५ सेंमी. आणि १ : ९६ या प्रमाणात सु. ४८ सेंमी. होते. पुढे झुकलेली काठी व डोलकाठ्या धरल्यास जागा याहून बरीच अधिक लागते. मूळचा ५ सेंमी. व्यासाचा दोर पहिल्या प्रमाणात सु. १ मिमी. आणि दुसऱ्या प्रमाणात सु. अर्धा मिमी. जाडीचा होतो. म्हणजेच लहान प्रमाणामुळे जागेचा प्रश्न सुटतो. पण डोळ्यांवरील ताण वाढतो. वयस्क व्यक्तीने यास्तव जहाज लहान आणि प्रमाण मोठे निवडणे श्रेयस्कर असते. एका डोलकाठीची मच्छीमार नौका किंवा जहाजावरील वल्ह्यांची होडी १ : २४ या प्रमाणातही टेबलावर सहज मावते.

बांधणीच्या पद्धती : प्रतिकृतीचे कवच मुख्यतः चार पद्धतींनी करतात. (१) एकाच ठोकळ्यातून ते कोरून काढणे. (२) पाण्याच्या पातळीस समांतर अशा फळ्या एकावर एक चिकटवून मग त्यांना आकार देणे. (३) तळकण्यावर ठराविक अंतराने आडव्या भिंती उभारून त्यांवर पातळ फळ्या बसविणे. बाजारातील बहुतेक संच या पद्धतीचे असतात. (४) मूळ जहाजाप्रमाणे प्रत्येक बरगडी तुकड्यातुकड्यांनी जोडून सांगाडा उभारणे. ही शेवटची पद्धत सर्वांत अस्सल, परंतु सर्वांत वेळखाऊ आहे.

फळ्या बसविणे ही या कामातील खरी कसोटी मानतात. जहाजाचा घेर मध्यभागी मोठा व नाळेशी लहान असतो. समजा, तळकण्यापासून काठापर्यंतचे वक्र अंतर मध्यभागी १०० मिमी. असून तेथे ५ मिमी. रुंदीच्या २० फळ्या बसतात आणि नाळेशी तेच अंतर ६० मिमी. आहे, तर प्रत्येक फळी टोकाकडे ३ मिमी.पर्यंत निमुळती केली पाहिजे. हा हिशोब न करता सरळ पट्ट्या रेटून बसविल्यास त्या कडेवर उचलल्या जातात व नाळेचा आकार बिघडतो. टोकाची रुंदी मूळ रुंदीच्या निम्म्याहून कमी होऊ लागल्यास दोन फळ्यांच्या जागी एक घेतात; पिछाडीस जागा रुंदावत असल्यास पाचरीसारखी जादा फळी घालतात. फळी पाण्यात भिजवून व उष्णता देऊन वाकवितात आणि वाळल्यावरच चिकटवितात. दोन्ही बाजूंच्या फळ्या आळीपाळीने बसवाव्या लागतात. एक बाजू आधी पूर्ण केल्यास सांगाडा पिळवटण्याचा संभव असतो.

डोलकाठ्यांना आधार देणारे स्थिर दोर आणि शिडे हलविणारे चल दोर, असे दोरांचे दोन वर्ग असतात. डोलकाठीच्या बाजूच्या उभ्या दोरांवर खलाशांना चढण्यासाठी बांधलेल्या आडव्या दोऱ्यांचे काम विशेष चिकाटीचे असते. एका बाजूस ७ उभे दोर व २५ आडव्या ओळी धरल्यास १७५ गाठी होतात. तीन डोलकाठ्यांच्या दोन्ही बाजू मिळून केवळ खालच्या टप्प्यासाठी ही संख्या १,०५० भरते.

छंदाचा खंड व पुनरारंभ : तीन डोलकाठ्यांच्या युद्धनौकेची तपशीलवार प्रतिकृती करण्यास १,००० तासांहून अधिक काळ लागणे ही सामान्य गोष्ट आहे. नोकरी व संसार सांभाळून आठवड्याला दोन तास काढणाऱ्या व्यक्तीस १,००० तास भरण्यास सु. दहा वर्षे लागतील. त्या अवधीत बदल्या, घरबदल, मुलांचे शिक्षण यांमुळे काम बंद पडते आणि अर्धवट कवच माळ्यावर जाते. दररोज दोन तास व आठवड्यातून पाच दिवस काम करू शकणाऱ्या निवृत्त व्यक्तीस तेवढेच तास सु. दोन वर्षांत मिळतात. छंदाला पडणारा खंड हा पुष्कळदा आवड संपल्याचा नव्हे, तर या हिशोबाचा परिणाम असतो.

पुनरारंभ करणाऱ्याची पहिली ओढ साहजिकच जुने अपुरे काम पुरे करण्याकडे असते. तीस-चाळीस वर्षे पडून राहिलेल्या संचाची मात्र आधी तपासणी करणे आवश्यक ठरते. लाकडी पट्ट्या कोरड्या पडून ठिसूळ होतात, दोरा कुजतो आणि घडी घातलेला आराखडा आकसल्यामुळे त्यावरील मापे चुकतात. म्हणून आराखड्यावरील मोजपट्टी प्रथम पडताळून पाहावी लागते. चुकीच्या बसलेल्या फळ्या काढता येतात : पांढरा सुतारी गोंद पाण्याने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलाने आणि सरस कोमट पाण्याने सैल होतो. सांगाडाच पिळलेला असेल, तर मात्र तो जपण्यापेक्षा नवे काम आरंभणे हिताचे असते.

मधल्या काळात साधनांप्रमाणे ज्ञानही बदललेले असते. लेसर किरणांनी अचूक कापलेले भाग आणि संगणकाच्या साहाय्याने थरांवर थर देऊन बनविलेले सुटे भाग आता मिळतात. इतिहाससंशोधनाने जुन्या समजुतीही बदलल्या आहेत. १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडालेली व १९६१ मध्ये वर काढलेली स्वीडनची व्हासा ही युद्धनौका याचे बोलके उदाहरण आहे. तिच्या पिछाडीवरील कोरीवकामाची पार्श्वभूमी निळी असावी, असा पूर्वी समज होता व जुन्या संचांत तोच रंग सुचविलेला असे. रंगाच्या अवशेषांच्या पुढील परीक्षणातून ती लाल असल्याचे निष्पन्न झाले. स्टॉकहोम येथील व्हासा संग्रहालयातील १ : १० प्रमाणाची प्रतिकृती त्यानुसार रंगविलेली आहे. मेफ्लॉवरसारख्या जहाजाचे तर मूळ आराखडेच उपलब्ध नाहीत. तिच्या अनेक प्रतिकृती १९५७ मध्ये अटलांटिक ओलांडणाऱ्या मेफ्लॉवर–२ या पुनर्रचित जहाजावर आधारलेल्या असतात. यास्तव जुना संच जसाच्या तसा पुरा करावयाचा की नव्या माहितीनुसार सुधारावयाचा, हा निर्णय आरंभीच घ्यावा लागतो.

हातातील जुने कसब काही आठवड्यांच्या सरावाने बऱ्याच अंशी परत येते; पण त्याची परीक्षा मोठ्या जहाजावर घेऊ नये. लहान नौका आधी पूर्ण केल्याने लाकूड, गोंद व हत्यारे यांचा अंदाज येतो आणि काम तडीस गेल्याचे समाधानही लाभते. शंभर तोफांच्या जहाजापासून पुन्हा आरंभ केल्यास दुसऱ्यांदा तेच काम अपुरे राहण्याचा धोका असतो. उतारवयात हा धोका अधिक गंभीर होय; कारण तिसऱ्या संधीचा भरवसा देता येत नाही.

दृष्टी, हात व सुरक्षितता : चाळिशीनंतर डोळ्यातील भिंगाची लवचिकता कमी होत जाऊन जवळचे दिसणे अवघड होते. वाढत्या वयात बारीक कामासाठी प्रकाशही अधिक लागतो. डोक्याला बांधावयाचे भिंग आणि दोन बाजूंनी येणारा, सावली न पाडणारा प्रकाश ही यास्तव निवृत्त कारागिराची पहिली हत्यारे ठरतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया योजलेली असल्यास दोर बांधण्याचे काम तीनंतर करणे सोयीचे असते. हाताचा किंचित कंप मनगटे टेबलावर टेकविल्याने बराच आटोक्यात येतो. सांधेदुखी असणाऱ्यांनी सुरी, पटाशी, गिरमिट व चिमटा यांच्या मुठी कापड गुंडाळून जाड कराव्या आणि काम हातात न धरता शेगड्यात पकडावे. तासाभराच्या आत उठून मान व पाठ मोकळी करणे आवश्यक असते.

घासकामातून उडणारी लाकडाची बारीक धूळ दुर्लक्षणीय नाही. कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश मानवास निश्चित कर्ककारक असलेल्या पदार्थांत केला. त्यामुळे नाकातोंडावर योग्य मुखपट्टी, धूळ ओढून घेणारी योजना व खेळती हवा यांची आवश्यकता असते. तत्काळ चिकटणाऱ्या सायनोॲक्रिलेट गोंदाच्या वाफांनी डोळे व श्वसनमार्ग चुरचुरतात. तो बेताने व उघड्या खिडकीजवळ वापरावा. या छंदाने मन गुंतून राहते, दिवसाला वळण लागते आणि समान आवडीच्या व्यक्तींशी संबंध जुळतो. तथापि त्यामुळे स्मृतिभ्रंशासारखे विकार टळतात, असे मानणे योग्य नाही.

लाकूड : लहान प्रमाणात लाकडाचे तंतू व रंध्रे बारीक असावी लागतात, अन्यथा मूळ जहाजावर वीतभर रुंदीच्या भेगा असल्याचा भास होतो. यूरोपात बॉक्सवुड, पेअर व लाइम (लिंडेन) या लाकडांना पसंती देतात. भारतात जहाजबांधणीस सर्वोत्कृष्ट ठरलेला साग त्याच्या ठळक रंध्रांमुळे प्रतिकृतीच्या दर्शनी फळ्यांना तितकासा योग्य नसतो. हळदू व काळा कुडा ही घट्ट, बारीक पोताची लाकडे अशा कामास चालतात. गडद रंगासाठी शिसवीचे तुकडे वापरता येतात. फर्निचरच्या कारखान्यातील उरलेल्या तुकड्यांतून एका प्रतिकृतीपुरते लाकूड सहज निघते.

भारतीय नौका : हौशी कारागिरांचे लक्ष प्रामुख्याने यूरोपीय व अमेरिकन जहाजांकडे असते, कारण संच व आराखडे त्यांचेच मिळतात. आराखड्याच्या प्रती किती मोलाच्या असतात, हे ट्रिंकोमालीच्या इतिहासावरूनही दिसते : तिचे आराखडे घेऊन निघालेली जाव्हा ही युद्धनौका १८१२ मध्ये अमेरिकन नौकेशी झालेल्या लढाईत नष्ट झाली आणि दुसरी प्रत मुंबईस पाठवावी लागली. मराठ्यांच्या आरमारातील गुराबा व गलबते यांच्या प्रतिकृती करणाऱ्यास मात्र समकालीन चित्रे आणि यूरोपीय लेखकांची वर्णने यांवरच मुख्यतः विसंबावे लागते. या वर्णनांनुसार गुराब दोन वा तीन डोलकाठ्यांची व पुढे निमुळत्या नाळेची असे. गलबत तिच्याहून लहान असून वल्ह्यांवरही चाले. अशा प्रतिकृतीत आधार कोणता व अनुमान कोणते, हे वेगळे दर्शविणे अगत्याचे असते. केरळमधील बेपूर येथे बांधल्या जाणाऱ्या उरू या मोठ्या लाकडी जहाजांच्या छोट्या प्रतिकृतीही तेथे तयार होतात. कोकण किनाऱ्यावर लाकडी होड्यांची जागा फायबरच्या होड्या घेत असल्याने उरलेल्या जुन्या होड्यांची मापे घेऊन त्यांच्या प्रतिकृती करणे हे हौशी कारागिराच्या आवाक्यातील आणि खऱ्या उपयोगाचे कार्य ठरेल. जुन्या सुतारांशी बोलून प्रत्येक भागाचे स्थानिक नाव टिपून ठेवल्यास अशा कामाचे मोल वाढते.

जतन : पूर्ण झालेली प्रतिकृती काचपेटीत ठेवणे इष्ट असते, अन्यथा दोरांवर बसलेली धूळ काढणे जवळजवळ अशक्य होते. दमट हवेत लाकूड फुगते व कोरड्या हवेत आकसते, त्यामुळे दोर ताणले जातात किंवा सैल पडतात. म्हणून पेटीस हवेसाठी लहान छिद्रे ठेवतात आणि ती उन्हापासून व पावसाळ्यात ओलसर होणाऱ्या भिंतींपासून दूर मांडतात. जुन्या संचांतील तोफा, नांगर इ. भाग पुष्कळदा शिशाच्या मिश्रधातूचे असत. बंद पेटीत ओकसारख्या लाकडातून व काही गोंदांतून निघणाऱ्या आम्लवाफांमुळे अशा भागांवर पांढरी भुकटी धरून ते ढासळतात. असे भाग पितळेचे करून घेणे हा उत्तम उपाय होय.

कारागिराच्या पश्चात प्रतिकृतीचे काय होते, हा प्रश्न शेवटी उरतोच. संग्रहालयांची जागा मर्यादित असते व आधार नसलेली प्रतिकृती ती सहसा स्वीकारीत नाहीत; घरातील पुढच्या पिढीस तिचे महत्त्व ठाऊक असतेच असे नाही. त्यामुळे जहाजाचे नाव, प्रमाण, आधारभूत आराखडा, वापरलेले लाकूड, अनुमानाने केलेले भाग आणि आरंभ व समाप्तीची वर्षे यांची नोंद असलेला कागद पेटीच्या तळाशी जोडून ठेवतात. बांधणीच्या टप्प्यांची छायाचित्रेही त्याबरोबर ठेवणे उपयुक्त असते. अशा नोंदीमुळे प्रतिकृती केवळ दिवाणखान्यातील शोभेची वस्तू न राहता अभ्याससाधन बनते आणि पुढे तिची दुरुस्ती करणाऱ्यालाही मार्गदर्शन मिळते.